सगळेच क्रिटिकल

४ मार्च
...आणि साठ वॅट म्हणजे काही कमी नाहीत, हे काकांना जेवताना परत एकदा समजावलं. त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात आता एकही अडॅप्टर नाही. स्विच नावाचा एक डबा, साठ वॅटपर्यंत करंट देणारा, त्यातून आठ केबल. प्रत्येक केबलमधून इंटरनेटही जातं आणि करंटही. चार कॅमेरे, काका-काकूंचे फोन, मागच्या फाटकाची बेल आणि माझा वाय-फाय. बेरीज एकोणपन्नास. काकांनी विचारलं, थोडा मोठा स्विच घ्यायचा का? मी नुसता हसलो. हे नीट झालं तर दुसऱ्या शाखेचं काम मला.

६ मार्च
सहाला पुढचं शटर पडतं, मग इमर्जन्सी मागच्या फाटकाने. कंपाउंडर म्हणतात काल संध्याकाळी बेल वाजलीच नाही. सकाळी स्वतः दाबून बघितली. खणखणीत. त्यांना नम्रपणे सांगितलं की बटण नीट दाबायला लागतं. ते म्हणाले, "बाळा, मी बैलाला इंजेक्शन देतो. दाबता येतं मला."

८ मार्च
परत तेच. आता कंपाउंडर रोज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. थोडं पर्सनल घेतात ते. सकाळची टेस्ट ओके. ओलाव्यामुळे असेल. संकल्प: एकदा संध्याकाळी टेस्ट करायची. आज जिम आहे.

११ मार्च, संध्याकाळ
सापडलं. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे नाइट दिवे लागतात. प्रत्येकी चार वॅट जास्त, एकूण पासष्ट. मग स्विच शेवटच्या पोर्टचा करंट तोडतो. त्या पोर्टवर बेल आहे. म्हणजे गणित माझं बरोबरच होतं, फक्त दिवसाचं होतं.
मोठा स्विच मागायचा? कुठल्या तोंडाने?
सेटिंगमध्ये प्रत्येकाला प्रायॉरिटी देता येते: क्रिटिकल, हाय, लो. कमी पडलं की लोवाला आधी उपाशी. सोपं आहे.

१२ मार्च
सोपं नाही. काका म्हणाले, कॅमेरे मी हौसेने घेतलेत, एकही बंद पडता कामा नये. काकू म्हणाल्या, "माझा फोन लो? लग्न होऊन आल्यापासून लोच आहे मी, आता मशीनमध्ये पण?" कंपाउंडरना बेल हवी. वाद नको म्हणून सगळेच क्रिटिकल केले. सगळे खूश. वाय-फायचं कोणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. तो पहिल्या पोर्टवर आहे. टेस्टिंगला लावला होता, तिथेच राहिला.
मॅन्युअलमध्ये आहे की सगळे सारखे असले तर लहान नंबरच्या पोर्टला आधी करंट. हे नंतर नीट वाचायचं.
काकांना सांगितलं, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. टेस्टची गरज वाटली नाही, लॉजिक क्लिअर होतं. काकांनी कंपाउंडरची खुर्ची आत घ्यायला सांगितली.

१४ मार्च
काल लिहिलं नाही.
संध्याकाळी एक आजोबा कुत्रीला चादरीत गुंडाळून मागच्या फाटकाशी आले होते. विताना अडली होती. अर्धा तास बेल दाबत उभे होते. काका आत रिकामे बसून पेपर वाचत होते. मी भिंतीच्या अलीकडे, हेडफोन लावून, वाय-फायवर 'केबलमधल्या करंटचं बजेट कसं सांभाळावं' हा व्हिडिओ बघत होतो. शेवटी आजोबा कुणाची तरी गाडी थांबवून दुसरीकडे गेले. कुत्री वाचली. पिल्लं नाही वाचली.
आज सकाळी ते आले. भांडायला नाही. एवढंच विचारायला की डॉक्टर, तुम्ही काल होतात ना?
मग आम्ही सगळ्यांनी कॅमेऱ्यात बघितलं. बटण दाबतात, चादर सावरतात, परत दाबतात. अंधारातही पिक्चर एकदम क्लिअर आहे.
काका त्यांना म्हणाले, चूक माझी, मी जुनी बेल काढायलाच नको होती. मी तेव्हा खाली बसून केबल सरळ करत होतो. ती सरळच होती.

१५ मार्च
वाय-फायची केबल उपसून टाकली. बस, एवढंच होतं. त्रेपन्न वॅट. अंधार पडल्यावर बेल दाबली, वाजली. परत दाबली. काका बाहेर आले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "शेवटी शोधलंस बघ." दुसऱ्या शाखेचं काम सोमवारपासून. काकूंनी विचारलं, नक्की काय बिघडलं होतं रे? मी म्हटलं, टेक्निकल आहे. कंपाउंडरनी खुर्ची परत फाटकाशी नेऊन ठेवली.
ही डायरी कोणी वाचणार नाहीये. पण समजा वाचलीत, तर सांगा: बेल आता वाजतेय, कुत्रीही बरी आहे, मग काकांना सांगायलाच हवं का?