आवतन

अमरावती, २१ मे

जाईबाई यांस,
सप्रेम जयभीम.

दोनदा हात धुतले तरी नखांतली माती निघाली नाही, म्हणून कागदावर डाग पडले आहेत. गच्चीवर बाज टाकून सरकी चोळत होतो. अर्धी पाटी झाली आणि उठलो. उरलेली तशीच आहे.

मी चंद्रभान. कृषी खात्यातला, सायकलवर पातूरला येणारा. अडतीस वर्षांनी लिहितो आहे. तुम्हाला आता कमी दिसतं आणि नात प्रियदर्शनी तलाठी झाली, हे कळलं. तिने वाचून दाखवावं. तुमचे यजमान शेषराव गेल्याचंही तेव्हाच कळलं. फार उशिरा कळलं.

सुंभाची बाज मिळायला आठ दिवस लागले. सगळीकडे नवारीच्या. नवारीवर सरकी नुसती लोळते, खाली पडत नाही. तुमच्या अंगणातली बाज आठवते. तिचा एक पाय आखूड होता, खाली वीट होती. पेरणीआधी शेण आणि गाळाची माती पातळ कालवायची, कापसाच्या जिनातून आणलेल्या सरकीवर टाकायची आणि तळहाताने गोल गोल चोळायची. केसाळ सरकीचे गोळे सुटत आणि एकेक दाणा सुंभाच्या फटीतून खाली पडे. मी घाई केली की तुम्ही म्हणायचात, "भाऊ, तिले रागावू नका. तिचे केस बसवाचे हायत, उपटाचे नाईत." शेषराव हसत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली शाळेची दप्तरं. दोन हंगाम मी तुमच्याकडे जेवलो. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. तशी भाजी पुन्हा खाल्ली नाही.

आता इकडे कुणी सरकी चोळत नाही. बियाणं पाकिटातून येतं, गुळगुळीत, रंग लावलेलं.

दोन वर्षांपूर्वी आपल्या सरकारने मला मलावीला पाठवलं. आफ्रिकेतला लहान देश आहे. कापूस आपल्यासारखा, गरिबी आपल्यासारखी. आपण लहान होतो तेव्हा अमेरिकेची लाल ज्वारी बोटीने यायची, आणि शिकवायला गोरे साहेब यायचे. आता मलावीत रस्ता चीनचा, खताचा जाणकार ब्राझीलचा आणि कापसाला मी. ब्राझीलवाला म्हणाला, त्याच्या आजोबांच्या मळ्यावरही गोरे साहेबच येत. आम्ही दोघे बराच वेळ हसलो.

सरकीचे केस काढायचं यंत्र आपण त्यांना दिलं होतं. त्याचा एक भाग बंदरातच अडकला. पाऊस आठवड्यावर आला. बायका सरकीच्या पोत्यांभोवती बसून होत्या. मी बाज मागितली. बाज नव्हती. मासे वाळवायची बांबूची जाळी होती, तिच्यावर काम झालं. चार दिवसांत चाळीस बायका चोळायला शिकल्या.

त्यांच्यात एस्नात नावाची बाई आहे, तिथल्या शेती खात्यातली. तिने विचारलं, तुमच्याकडे हे अजून करतात का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, म्हणजे तुमचं टाकून दिलेलं आम्हाला देता. मी म्हणालो, टाकलं नाही, विसरलो. मग तिने विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं?

जाईबाई, मी पुन्हा तेच सांगितलं.

अडतीस वर्षांपूर्वी अकोल्याला प्रात्यक्षिक होतं. तुम्हाला जीपने आणलं होतं. तुम्ही खाली बसून चोळत होता, मी उभा राहून बोलत होतो. मोठ्या साहेबांनी विचारलं, कुठे शिकलास. मी म्हणालो, "आईकडून." तुमचा हात थांबला नाही. माझ्या आईने शेणाला हात लावला तो सडा घालण्यापुरता. सरकी तिने कधी चोळली नाही. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. कुणाचं अंगण, तिथे पाणी प्यालास का, जेवलास का. ते आमच्या घरी पोचलं असतं.

परत जाताना जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "मले तं तुमी मायच करून टाकलं, भाऊ. आता एक डाव घरी जेवाचं आवतन द्या."

ड्रायव्हर हसला. मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर मी पातूरला आलो नाही. बदली मागून घेतली होती, हे आज सांगतो.

तुमच्या आवतनाला आई हो म्हणाली नसती, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं असं की मी तिला विचारलंच नाही. ती अकरा वर्षांपूर्वी गेली. कदाचित हो म्हणाली असती. तिलाही मी ती संधी दिली नाही.

मलावीत आईला अमाई म्हणतात. आपल्या मायच्या इतकं जवळ. निघताना त्या चाळीस जणींनी माझ्या अमाईसाठी एक कापड दिलं. निळं, त्यावर पिवळे मासे. दोन वर्षं ते कपाटात आहे. साधनाने, माझ्या पत्नीने, एकदा विचारलं हे कुणाचं. मी कपाट लावून घेतलं. आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग जेवायला काय करायचं ते त्यांनाच विचारा.

उद्या सकाळी अकोल्यात प्रात्यक्षिक आहे. मलावीचे बारा जण आले आहेत, एस्नातही. तिने कळवलं आहे की तिला माझ्या अमाईला भेटायचं आहे.

माफी मागत नाही. तुम्हाला माझी माफी नको होती, आवतन हवं होतं.

तुमच्या अंगणात शिकलेला,
चंद्रभान


अकोला, २२ मे, सकाळ

पत्र टपालात टाकलं नाही. आवतन चिठ्ठीने देत नसतात, दारात जाऊन देतात.

प्रात्यक्षिक झालं. ओळख करून देणारे साहेब माझ्या मातोश्रींबद्दल बोलू लागले तेव्हा मी उभा राहिलो आणि पातूरच्या जाईबाई असं नाव सांगितलं. ते का लपवलं तेही सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एस्नातने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, मग कापड अजून त्यांना मिळालं नाही? मी पिशवी दाखवली. ती म्हणाली, मग इथे का उभे आहात?

अकराच्या पातूर गाडीत बसलो आहे. कापड मांडीवर आहे. जाण्याचं एक तिकीट काढलं. परतीची किती काढायची ते तुम्ही सांगाल.