अडीचच्या बांगड्या

१० जानेवारी १९७१, रविवार

माझा राग गेला. आज लिहूनच ठेवते, म्हणजे पुढं कुणी नाही म्हणायला नको!

सकाळी यांनी स्टोव्हमध्ये घासलेट ओतताना माझ्या तपासायच्या वह्यांवर सांडलं. चौथीच्या चाळीस वह्या. मागल्या वर्षी असं झालं असतं तर माझा आवाज यांच्या कारखान्याच्या ऑफिसापर्यंत गेला असता. आज म्हटलं, असू दे, वाळतील. हे नरसाळं हातात धरून उभेच राहिले. मग हळूच विचारलं, ताप आहे का? ताप कुठला — अंग उलट गार.

दुपारी सासूबाईंजवळ उन्हात बसले. त्या भिंतीशी घोंगडी पांघरून बसतात, मी शाल. बोलणं काही नाही. भागिरथीबाई म्हणजे कोल्हारात सोशीकपणाचं उदाहरण, मी आल्यापासून कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. आणि त्यांच्या घरात सून आली ती तोफ! पंधरा वर्षं त्या गप्प, मी गरजतेय. आता दोघी एकसारख्या. आज त्यांनी घोंगडीचं टोक माझ्या पायांवर टाकलं. इतकं बरं वाटलं! आई गेल्यापासून असं कुणी केलं नव्हतं.

१२ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीच्या बांगड्या भरल्या. लंकाबाई कासारीण आली की आळीतल्या बायका आमच्याच ओट्यावर जमतात. सासूबाई उठून आत गेल्या. मामंजी गेल्यापासून बांगड्यांच्या वेळी त्या बाहेर थांबत नाहीत.

माझं माप सव्वादोन. लग्नात होतं तेच. लंकाबाईनं दोन बांगड्या फोडल्या, तरी चढेनात. शेवटी अडीचच्या काढल्या. त्या पंजावरून कशाबशा सरकल्या आणि पुढं थेट कोपरापर्यंत घसरल्या! बायका हसायला लागल्या. मनगट माझं काडी, ते काडीच आहे.

लंकाबाई हसली नाही. माझा हात मांडीवर घेऊन दाबत, चोळत बसली. म्हणाली, "बाई, पंजा वाढलाय. मनगट न्हाई वाढलं. आन गार किती हाय!" म्हटलं, खडू धरून धरून झालं असेल.

१४ जानेवारी, गुरुवार

तिळगूळ. हेडमास्तर म्हणाले, बाईंना यंदा गोड बोला म्हणायची गरजच उरली नाही. सगळे हसले. मीही.

२ फेब्रुवारी, मंगळवार

घसा महिनाभर बसलेला. सर्दी नाही, खोकला नाही. वर्गातली कार्टी म्हणतात, बाई बाप्यासारख्या बोलतात. ऐकलं आणि सोडून दिलं. केस विंचरले की फणी भरते. भूक नाही. पोट चार-चार दिवस साफ नाही. रात्री आठला डोळे मिटतात ते सकाळी उघडवत नाहीत.

थोरली आज माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. म्हणाली, आई, तुझ्या भुवया अर्ध्याच आहेत. आरशात बघितलं. खरंच, बाहेरची टोकं विरळ झालीत. वय झालं! छत्तीस म्हणजे काही कमी नाही.

पण मन शांत आहे. हे सगळ्यांत मोठं.

२१ मार्च, रविवार

खानेसुमारी चालू आहे. आम्हा मास्तरांना घरं वाटून दिलीत. माझ्या वाटणीत आमचंही घर आलं. यादी केली — हे, सासूबाई, थोरली, धाकटा. एकूण चार. तपासणारे म्हणाले, बाई, या घरात स्वयंपाक कोण करतं?

मीच राहिले होते! अख्ख्या गावाची माणसं मोजली आणि स्वतःला विसरले. यांना सांगितलं तर पोट धरून हसतील वाटलं. हे हसले नाहीत.

४ एप्रिल, रविवार

उन्हाचा कडाका. ओट्यावर पाय ठेववत नाही. सासूबाई आणि मी, एक घोंगडीत आणि एक शालीत. येणारे-जाणारे बघतात. शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, आता शोभतेस भागिरथीबाईंची सून. लाजले! पंधरा वर्षं हे वाक्य ऐकायला थांबले होते.

तेवढ्यात लंकाबाई आली. सण नाही, वार नाही, बांगड्यांची पाटीही नाही. नुसता माझा हात बघायला आली होती. ओट्यावर बसून तिनं अकोल्याकडच्या एका बाईची गोष्ट सांगितली. तीही अशीच सडसडीत. तिचा पंजा जाड झाला, मग आवाज. भर उन्हात पांघरूण. घरच्यांना वाटलं, देवाधर्माला लागली, शांत झाली. "दोन थंड्या काढल्या तिनं. तिसऱ्या थंडीत निजली ती उठलीच न्हाई. तिचं माप बी सव्वादोनचं अडीच झालं हुतं, बाई."

चरकले. थोडीशीच. आजकाल चरकायलाही वेळ लागतो.

५ एप्रिल, सोमवार

गावातल्या डॉक्टरांकडं गेले. वजन बेचाळीस किलो. कासारणीचं म्हणणं सांगितलं तर मोठ्यानं हसले. म्हणाले, हातापायाला सूज आणि थंडी — गळ्यातली ग्रंथी मंदावलीय असं मीही म्हटलं असतं, पण त्यात माणूस फुगतं हो! तुम्ही तर पाप्याचं पितर. रक्त कमी आहे. टॉनिक घ्या, खा-प्या.

मलाही पटलं. लाल टॉनिकची बाटली घेऊन आले.

१७ एप्रिल, शनिवार

नगरला जाऊन आले. लंकाबाई महिन्यातून एकदा माल आणायला जाते. आज सकाळी दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, टॉनिक चालू आहे. तिनं माझी चप्पल पुढं ठेवली. वाद घालायची ताकद नव्हती, म्हणून एस.टी.त बसले.

तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई. तिथल्या नर्सेसना लंकाबाईच बांगड्या भरते. बाईंनी आधी माझ्याकडं नुसतं बघितलं. भुवया, पापण्यांखालची सूज, कोपराची खरखरीत कातडी. मग नाडी मोजली — चोपन्न. मग म्हणाल्या, खुर्चीवर गुडघे टेका. मागून टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला उशीर लावला. बाईंनी लंकाबाईलाही दाखवलं. आळशी पोरगं शाळेत येतं तसं येत होतं पाऊल!

थायरॉइड म्हणतात त्या ग्रंथीला. ती शरीराची चूल. मंदावली की सगळंच मंद — पोट, नाडी, डोकं, आवाज. मी विचारलं, पण मी तर बारीक? बाई म्हणाल्या, हीच अडचण आहे. सगळे वजनाकडं बघतात. ज्याचा बांधाच काटक आणि भूकही मेली, त्याचं वजन कुठून वाढणार? जाड माणसाचं लवकर ओळखू येतं, बारीक माणसाला लोक टॉनिक देतात. रक्त पुण्याला पाठवलं आहे. पण गोळ्या आजच दिल्या, आधी थोड्या, मग वाढवायच्या.

उठताना मी विचारलं, राग परत येईल का हो? त्या म्हणाल्या, "राग तुमचाच आहे ना? मग येईल."

२१ एप्रिल, बुधवार

गोळ्यांची बाटली फडताळात आहे. उघडली नाही.

इथं खोटं कशाला लिहू? मला भीती वाटते. चोपन्नाच्या नाडीवर मला घर मिळालंय. सासूबाई घोंगडी देतात. हेडमास्तर नीट बोलतात. पोरं मार खात नाहीत. पुन्हा ती तोफ व्हायचं? सासूबाईंच्या जवळची जागा एवढ्या वर्षांनी मिळाली, ती गोळीसाठी सोडायची? यांना अजून काही सांगितलं नाही.

आणि अकोल्याकडची ती बाई? थंडी अजून लांब आहे.

२५ एप्रिल, रविवार

थोरली धावण्यात पहिली आली. कारखान्याच्या मैदानावर, मोठ्या मुलींना मागं टाकून. पितळी पेला घेऊन धावतच घरी आली, खोलीत शिरली, पेला माझ्या पुढ्यात धरला. मी म्हटलं, बरं. आणि कूस बदलली.

थोड्या वेळानं उठले तर पेला फडताळात भांड्यांच्या मागं ठेवलेला. लपवून ठेवावा तसा. पोरगी ओट्याच्या पायरीवर जाऊन बसलेली.

मला रडू यायला हवं होतं. तेही आलं नाही! तेव्हा कळलं, एकटा राग नाही गेलेला. सगळंच गेलंय. मी शांत नाही, मी विझलेय.

पेल्यातच पाणी घेतलं आणि पहिली गोळी गिळली. यांना सगळं सांगितलं.

२६ एप्रिल, सोमवार

दुसरी गोळी. अजून काही नाही.

९ मे, रविवार

पुण्याचं उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंचंच बरोबर. गोळी वाढवली.

१३ जून, रविवार

आला! आला! हे माझी छत्री कारखान्यात विसरले, वर म्हणतात, तुझी होती हे लक्षात नाही. अशी काही ओरडले की रतनबाई भिंतीवरून डोकावल्या. आवाजही कसा खणखणीत लागला! बोलता बोलता मधेच मला भान आलं आणि थांबले.

हे पाटावर बसून हसत होते. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "आलीस का? सहा महिने घरात कुणी पाहुणीच राहत होती."

छत्री मात्र उद्या आणायलाच हवी, हे सांगून ठेवलं.

४ जुलै, रविवार

शाल धुऊन ट्रंकेत टाकली. नाडी सत्तर. भूक कसली लागते! हेडमास्तरांशी दोनदा वाजलं, दोन्हीदा माझंच खरं होतं. थोरलीबरोबर मैदानाला फेरी मारून आले, अर्ध्यात दमले, पण धावले.

सासूबाई भिंतीशी एकट्या बसतात. मी जाऊन बसते, पण पाच मिनिटांत उठावंसं वाटतं. आणि तिथं बसलं की उकडतं. त्या काही म्हणत नाहीत. त्यांनी कधी काही म्हटलंय? आज मी उठले तेव्हा घोंगडी पुन्हा स्वतःकडं ओढून घेतली. वाईट वाटलं. सोबत दिली आणि काढून घेतली असं झालं.

२५ जुलै, रविवार

आज संताप आलाय. स्वतःचाच.

नागपंचमी तोंडावर आली म्हणून लंकाबाई आली होती. माझ्या हातात सव्वादोनच्या बांगड्या एका दमात चढल्या. तिनं कौतुकानं माझा पंजा उलटासुलटा केला. सासूबाई आत जायला उठल्या. उठताना तोल गेला म्हणून मी त्यांचा हात धरला. गार. फुगलेला. कातडी खरखरीत. मनगट माझ्या दोन बोटांत मावतंय.

मी तो हात सोडलाच नाही. लंकाबाईला म्हटलं, हा बघ. सासूबाई हात मागं ओढायला लागल्या, मला कशाला आता बांगड्या, असं पुटपुटल्या. किती जड तो आवाज! मी त्याला प्रेमळ म्हणायचे.

लंकाबाईनं पाटी बाजूला सारली. सासूबाईंचा हात मांडीवर घेतला. बराच वेळ दाबत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "ह्यो हात म्या एकोनीस वर्सं धरला न्हाई. गावात एवढा नाजूक हात दुसरा नव्हता. विधवेचा हात कासारीण कशाला धरती, बाई?"

कासारीण धरत नव्हती, हे खरं. मी? अर्धी भुवई, विरळ केस, उन्हातली घोंगडी, सगळी लक्षणं मला तोंडपाठ. शाळेत चार बायकांना शिकवली. आणि घरात, टीचभर अंतरावर, खांद्याला खांदा लावून बसले होते. चांगली मास्तरीण!

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, मी लहान असताना आई फार तिखट होती. किडकं वांगं निघालं तर बाजारात परत जाऊन माळणीच्या पाटीत टाकून यायची. वडील गेले आणि आई मिटली, असं आम्ही भावंडं समजलो. दुःखानं झालं असेल म्हणून कुणी विचारलंच नाही.

७ ऑगस्ट, शनिवार

चौघं नगरला गेलो — सासूबाई, मी, हे आणि लंकाबाई. सासूबाईंची नाडी अठ्ठेचाळीस. पाऊल परत यायला माझ्यापेक्षाही उशीर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती वर्षांचं आहे सांगता येत नाही, फार जुनं आहे. वय साठीचं, हृदयावर ताण नको, म्हणून पाव गोळीनं सुरुवात.

परतताना एस.टी.त त्यांना खिडकीजवळ बसवलं. लंकाबाईनं घरापर्यंत त्यांचा हात धरून ठेवला होता.

२९ ऑगस्ट, रविवार

अर्धी गोळी.

१९ सप्टेंबर, रविवार

सासूबाई आज घोंगडी न घेता बसल्या. रतनबाईंनी विचारलं, बऱ्या आहात ना? त्या म्हणाल्या, उकडतंय. एवढंच. पण रतनबाई घरोघर सांगत सुटल्या.

१० ऑक्टोबर, रविवार

दुपारी सासूबाईंनी पुढचं ताट सरकवलं. मला वाटलं, जात नाही. त्या माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "पुष्पा, तुझी भाकर जाड हाय. पैल्यापास्नं जाड हाय. सोळा वर्सं सांगीन म्हनत हुते, पन बोलायला जीवच हुत न्हवता."

आणि मला चुलीपुढून उठवून स्वतः थापायला बसल्या.