आजोबांच्या स्वेटरची डावी बाही

कोरीन,

मी तिसऱ्यांदा रुग्णसेवकाच्या परीक्षेला निघालोय. या वेळी नापास झालो तर पुनर्वसन केंद्रातली नोकरी गेली. सूप फ्रिजमध्ये आहे.

सरावासाठी आजोबांच्या खुर्चीत उशांचा माणूस बसवलाय ना, त्याला काल आजोबांचा स्वेटर घालत होतो. त्याचा डावा हात लुळा धरलाय. लुळा हात आधी घालायचा, तर मी उजवा घातला आणि तसाच सोडून झोपलो. सकाळी उजवी बाही काढलेली, डावी घातलेली. तू तर रात्रपाळीला होतीस. चाचपून पाहिलं, आत उशाच आहेत. कोमट होत्या.

आजोबांना जाऊन वर्ष झालं, तरी माझ्या चुका बघवत नाहीत त्यांना.

उरलेली बाही घालून मी बटणं लावलीत. काढताना कुठला हात आधी, ते माझ्या लक्षात राहत नाही. तू हात लावू नकोस. समोर बसून सूप पी, आणि कुठली बाही आधी निघते ते कळव. परीक्षेच्या ठिकाणी दहाला फोन जमा करतात, त्याआधी.

वेन्डल