ज्योतीच्या आंदणात जर्मल नाही

२ एप्रिल
ज्योती लग्नासाठी सुटीवर आली. चंद्रपूरला नर्स आहे, पण घरात शिरताच आधी चूल तपासते. तिच्या आईनं अंबाडीची भाजी जर्मलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, केलेली, कालची तशीच ठेवलेली. 'बाबा, आंबटानं अ‍ॅल्युमिनिअम उतरते, अन्नातून पोटात जाते.' म्हटलं, 'मंग मी जिता कसा?' हसली. भाजी मात्र फेकली.

४ एप्रिल
आंदणाचा विषय निघाला. सायकलला टोपलं बांधून गावोगाव जर्मल विकलं, तेव्हा कुठे सिंदेवाहीत हे शटर. टिचकीच्या आवाजावरून पत्रा जाड की पातळ, सांगतो. अन् माझीच पोरगी म्हणते, 'जर्मलचं एकबी भांडं नको.'
बायको : 'लोक मनतीन, दुकानदारच पोरीले देत नाई!' तेच तर. धंदा बसेल.

६ एप्रिल
तिला सरळ विचारलं, रोग होतोच का? 'होतोच असं पक्कं नाई बाबा. पण किडनीवाल्यानं जपावं. आंबट शिजवू नये, ठेवू नये. रेतीनं तं घासूच नये, वरचा थर जाते.'
'रेतीनं घासा, चांदीवानी दिसन' ही तर माझीच हाळी! पण पोरगी उगा भेव दाखवत नाही, लपवतही नाही. माल पक्का आहे.

१९ एप्रिल
काल मांडवात आंदण मांडलं. स्टील, लोखंडी कढई, पाण्याचा पितळी गुंड. बायांची कुजबुज, आपले कान तिकडेच. 'सोताच्या पोरीले स्टील, आमाले जर्मल!' मी उठणार, तर हळदीच्या अंगानं ज्योतीच उठली. 'काकू, भात शिजवा, पाणी तापवा. चिंच-अंबाडी तेवढी स्टीलात.' बाया तिच्याभोवती. एक दह्याचं विचारते, एक मच्छीच्या रश्श्याचं. वरातवाले ताटकळले. नवरदेवाचे वडील, आपले ईवाई, म्हणाले, 'भाऊ, सून देऊन राह्यले का डॉक्टरीण?' छाती अशी फुगली की...

२१ एप्रिल
आज बाजार. हाळी नवी : 'भाताले जर्मल, आंबटाले स्टील!' बाजूचा दुकानदार : 'आपलाच माल बदनाम करून राह्यले, भाऊ?' गिऱ्हाईक गंज उचलते, ऐकते, ठेवून देते. विक्री थंड.
एक म्हातारी समोर बसलीच. घरी बुढ्याची किडनी खराब, भांडे सारे माझ्याच दुकानचे. ज्योतीला फोन लावून तिच्या हाती दिला. बराच वेळ 'हव, हव' करत होती.
फोन परत देताना : 'पोरगी सोनं हाय तुही. पुढच्या बाजाराले सारे भांडे घेऊन येतो.'
बदलून मागेल की तोंडावर फेकेल, विचारलं नाही. या म्हटलं.