चाळणीतला पांढरा ठिपका

३ मार्च

"जे मोजता येतं, ते माणसाला खात नाही." मी सात वर्षांची असताना बाबा हे म्हणाले होते. विहिरीत डोकवायला मी घाबरत होते. त्यांनी गाठी मारलेला दोर आत सोडला, पाण्याला टेकल्यावर गाठी मोजल्या आणि म्हणाले, अकरा हात, संपली भीती. आणि खरंच संपली होती.

आज ते वाक्य सारखं आठवत होतं. नऊ वर्षं मी ही दलदल चौथ्या मजल्यावर बसून उपग्रहाच्या चित्रांत पाहिली, आज पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवला. पाय टेकला की जमीन दबते आणि चार पावलांवरचं झुडूप मान डोलावतं. मी लहान मुलीसारखी तीन-चारदा तेच करून पाहिलं.

केंद्र म्हणजे खांबांवरचं लाकडी घर. दोन खोल्या, खिडक्यांना गज, दारापुढे पाच पायऱ्या. राखणदार, स्वयंपाकी आणि मोजणीवाले असे तिन्ही एकच काका आहेत. म्हणाले, कामं तिघांची आणि जेवण एकाचं. टेबलाच्या खणात आधीच्या निरीक्षकाचा चष्मा सापडला. तो न सांगता नोकरी सोडून गेला म्हणे. चष्मा विसरून कोणी कसा जाईल, असं मी विचारलं. काका म्हणाले, मी सहा महिन्यांपूर्वी आलो, मला काय ठाऊक. पण गडबडीत माणूस डोकंसुद्धा विसरतो, बाई.

खिडकी पश्चिमेला आहे. आज छान झोप लागणार.

५ मार्च

इथली जमीन म्हणजे माती नव्हेच. हजारो वर्षं पाण्यात पडून न कुजलेला पालापाचोळा, त्याला आम्ही पीट म्हणतो. पाणी भरलं की ते फुगतं, ओसरलं की बसतं. उपग्रह दर बारा दिवसांनी डोक्यावरून जातो आणि जमीन किती उचलली, किती खचली ते टिपतो. त्यावरून आत पाणी किती आहे ते काढायचं. पाणी फार खाली गेलं तर पीट वाळतं, पेटतं आणि महिनोन्महिने आतल्या आत जळत राहतं. म्हणून ही सगळी धडपड.

आकाशातलं गणित खरं की खोटं हे पाहायला जमिनीत वीस नळ्या पुरल्या आहेत. वीस नंबरची सर्वांत दूर, एक नंबरची आमच्या पायरीशी. गेले अकरा महिने मोजणी बंद होती, आज पुन्हा सुरू केली. यंत्रं गंजून गेली आहेत. काकांनी आधी गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजलं आहे. ते एक लांब बारीक नळी तोंडात धरतात, ती पुरलेल्या नळीत सोडत जातात आणि फुंकत राहतात. दोन आखूड, एक लांब. बुडबुड वाजलं की पाणी लागलं. तिथं बोट धरून पट्टीनं मोजायचं. काका तिला फुंकणी म्हणतात.

मीही फुंकून पाहिलं. पाण्याचा आवाज ऐकून कारण नसताना बरं वाटलं.

८ मार्च

फोन लागतो तो फक्त रस्त्याच्या टोकाला. तिथवर तीन किलोमीटर फळ्यांची वाट आहे. चालत जाऊन लेकीशी बोलले. वसतिगृहाला सुट्टी लागली की बावीस एप्रिलला ती इथं येणार आहे. फुंकणीचं सांगितलं तर खो खो हसत सुटली. म्हणाली, ग्लासात फुंकून बुडबुडे काढायचे तर तू मला धपाटे घालायचीस, आणि आता त्याचाच पगार घेतेस? आल्या आल्या पहिलं तेच करणार म्हणे. उपकरणांना हात लावायचा नाही, असं मी बजावलं. ती म्हणाली, बघू.

तिचं 'बघू' म्हणजे 'करणारच'. सतरा वर्षांत एकदाही वेगळं घडलेलं नाही.

१५ मार्च

पहिलं चित्र आलं. वीस नंबरच्या नळीवर पांढरा ठिपका आहे. पांढरा म्हणजे चाळणीनं काढून टाकलेला आकडा. ही चाळणी नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिली: बारा दिवसांत जमीन चार बोटांहून जास्त उचलली, तर ती चूक समजून वगळावी. पीट इतक्या वेगानं फुगतच नाही.

काकांना घेऊन पाहून आले. जमीन वर आली आहे, उपडी कढई ठेवावी तशी. काकांनी फुंकलं. पाणी वाजलं नाही. त्यांनी फुंकणी एकदम तोंडातून काढली आणि ओठ पुसले. म्हणाले, आतून कोणीतरी उलट फुंकलं. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, जमिनीला ढेकर आला असेल.

परत येताना मात्र फुंकणी त्यांनी मला धरायला लावली.

१९ मार्च

चित्रं येतात त्याच बिनतारी पेटीतून आकडे पाठवायचे; ती फक्त आकडा आणि एका ओळीचा शेरा घेते. मी कळवलं, चाळणी उघडा, जमीन खरोखर उचलली आहे. उत्तर आलं, आकडा चाळणीत बसत नाही, पुन्हा मोजा. पुन्हा मोजला. पुन्हा तेच. शेवटी रस्त्याच्या टोकाला जाऊन साहेबांना फोन केला, तर म्हणाले: बाई, चाळणी तुमचीच आहे, आता तुम्हीच तिला नावं ठेवता?

पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा मीच घडवलेला, त्यामुळे ओरडायचं तरी कोणावर?

२७ मार्च

ठिपका चौदा नंबरवर आहे. वीस नंबरची जमीन पुन्हा सपाट झाली.

दिवसभर जुनी चित्रं काढून तारखेनं लावली. नऊ वर्षांत या पांढऱ्या ठिपक्यांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. ते अनेक नाहीत, तो एकच आहे. सात वर्षं दलदलीच्या मधोमध स्थिर होता. नळ्या पुरल्या, फुंकणं सुरू झालं आणि तो निघाला. वीस, एकोणीस, अठरा. अकरा महिन्यांपूर्वीच्या चित्रात तो या घरावर आहे. ती तारीख आणि आधीच्या निरीक्षकानं 'नोकरी सोडल्याची' तारीख एकच. मग तो परत मध्ये जाऊन बसला. आम्ही पुन्हा फुंकेपर्यंत.

त्या दिवशी माझ्या चाळणीनं एक माणूस वगळला.

काकांना सांगितलं, फुंकणं बंद. रस्त्यावर जाऊन कार्यालयाला फोनवर कळवलं, मोजणी थांबवते. उत्तर लगेच आलं: अहवाल अडेल, थांबवता येणार नाही. काका म्हणाले, तुम्ही आज आहात, बाई, उद्या नसाल. हुकूम त्यांचाच चालायचा.

२ एप्रिल

काका सकाळी मला न सांगता मोजायला गेले. दुपारपर्यंत आले नाहीत.

नऊ नंबरपाशी त्यांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, एखाद्याच्या घरात जाताना काढाव्यात तशा. फुंकणी नळीत उभी होती. तिच्या तोंडावर तळहात धरला. ऊन हवा येत होती. थांबून थांबून.

रस्त्याकडे धावले. वाटेचा मधला भाग वर उचलला आहे, फळ्या सुटल्या आहेत, खाली नुसता चिखल. एक पाय मांडीपर्यंत गेला. कशीबशी मागे आले.

पेटीत नऊ नंबरचा आकडा टाकून शेऱ्यात लिहिलं: काका बेपत्ता, वाट तुटली, माणसं पाठवा.

५ एप्रिल

तेच ठरीव उत्तर: आकडा बसत नाही, पुन्हा मोजा. रोज पाठवते आहे.

आत्ता लक्षात आलं. चाळणीत न बसणारा आकडा शेऱ्यासकट वगळला जातो. तेही मीच लिहिलं होतं, जागा वाचावी म्हणून. माझ्या हाका कोणापर्यंत पोचतच नाहीत.

डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

८ एप्रिल

ठिपका चार नंबरवर.

आज खोटा आकडा टाकला. नेहमीचा, शांत, दोन बोटांचा. शेऱ्यात: मुलीला इथं येऊ देऊ नका. गेला! चाळणीतून गेला!

उत्तरही आलं. आकडे समाधानकारक, आभार.

आकडा ठीक असला की शेरा कोणी वाचत नाही. मीही नऊ वर्षं वाचला नाही. आधीचा निरीक्षक काय काय लिहीत होता, देव जाणे.

१४ एप्रिल

घर खचतं आहे. दोनच पायऱ्या दिसतात. दार उघडेना — कुऱ्हाड घराखाली खांबांशी, म्हणजे चिखलात. खिडकीचे गज हलत नाहीत.

आता कोणी फुंकत नाही, तरी ते येतं आहे. पायरीच्या नळीतून आवाज येतो. दोन आखूड, एक लांब.

काकांसारखं.

बाबा, इतके दिवस वाटलं मी त्याला मोजते आहे —

२० एप्रिल

आज उपग्रह गेला असेल. चित्र पाहायची गरज नाही.

खोलीच्या लाकडी जमिनीच्या फटींतून पाणी येतं आहे. कोमट.

खिडकीतून वाट दिसते. फळ्या पुन्हा सरळ — कोरड्या — कोणी अंथरूण घालून ठेवावं तशा. तिच्यासाठी.

२१ एप्रिल

बाळा, वही गजांतून बाहेर, घरालगतच्या पहिल्या फळीवर फेकणार आहे. तू आधी ती उचलशील.

इथूनच मागे फीर. घर दिसणार नाही, नळी तेवढी दिसेल. आतून आवाज येईल. दोन आखूड, एक लांब — कदाचित माझाच असेल. मी अजून श्वास घेते आहे असंच तुला वाटेल. तू ऐकणार नाहीस, मला माहीत आहे. 'बघू' म्हणशील, गुडघे टेकशील, तोंड जवळ नेशील. तरी मागते, आयुष्यात एकदा तरी ऐक माझं, नळीत फुंकू —