इफ आय वेअर यू

शनिवार, संध्याकाळ

धाकटी जाऊ आज पुन्हा चार पाहुण्यांसमोर म्हणाली, "ताई, इफ आय वेअर यू, ही साडी मी नसती नेसली." सगळे हसले. सासूबाई म्हणतात, "भल्यासाठी सांगून राहिली, ऐक ना वं." काहून ऐकू? माझ्या आईची साडी होती ती.

मग धाकटीनं उद्याच्या सांबारवडीसाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या चिरल्या आणि आत्ताच मीठ लावून ठेवलं. रात्रभर पाणी सुटेल, उद्या तिच्या माहेरच्यांसमोर एकेक वडी तेलात फुटेल. सांगावं का? तोंडाशी आलं होतं मह्या. पण ती साडी.

वड्या फुटल्या की कढईजवळ जाऊन हळूच म्हणीन, "इफ आय वेअर यू." पुढचं न सांगता पाहुण्यांना पाणी द्यायला जाईन. आईचीच साडी नेसून.