फिकट झेरॉक्सचं कारस्थान

१ नोव्हेंबर १९९८, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाच्या हाती लागू नये म्हणून गव्हाच्या कोठीत ठेवणार.
नेत्रपरिचर्येच्या पदव्युत्तर पदविकेला आमच्या भागातून एकच सीट. ती माझी. कंधारच्या दवाखान्यात बारा वर्षं डोळ्यांची खोली सांभाळतोय. त्र्याण्णवच्या भूकंपात सतरा दिवस छावणीत राहून लोकांच्या डोळ्यांतली धूळ धुतली. मनिषा सिस्टरनेही फॉर्म भरलाय. हसत हसत सांगितलं. हसत का?
लातूरला बसलिंगप्पा सरांचा क्लास लावला. संकल्प : रोज पहाटे चार ते सहा अभ्यास.

३ नोव्हेंबर
पहाटे उठलो. पावणेसातला.
सरांच्या नोट्स भलत्याच फिकट. ओळी एकमेकींत मिसळतात. मलाच अशी प्रत का? बायकोला दाखवली. गोदावरी म्हणाली, लख्ख तर हाय की. परवा ती बाजारात मनिषाशी बोलत होती, हे विसरलेलो नाही.

८ नोव्हेंबर, रविवार
लातूर. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या. भूकंपानंतर घरं उभी राहायला वेळ लागला, क्लास मात्र एका रात्रीत.
सरांना जाब विचारला. त्यांनी स्वतःची प्रत दिली. तीही फिकट! म्हणजे झेरॉक्सवालाही सामील. हात लांब धरला की जरा बरी दिसते. पण हात पुरत नाही.

१७ नोव्हेंबर
मनिषा म्हणाली, ब्रदर, डोळे दाखवून घ्या न एकदा, चाळिशी लागली असंल. डाव ओळखला. मला चष्मा लागला की फिटनेसमध्ये उडवायचं.
तिच्यासमोर जवळच्या वाचनाचं कार्ड घेतलं आणि सगळ्यात बारीक ओळ खडाखडा म्हणून दाखवली : 'मुलाने चेंडू विहिरीत टाकला.' रोज तीस पेशंटकडून तीच वाचून घेतो. चुकेन कसा? तर म्हणते, डोळे मिटून कामून वाचताव? दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही लोकांना.

२९ नोव्हेंबर
आज अभ्यास नाही. पण बारा दिवस मनिषावर पाळत ठेवली. ती कधी पुस्तक उघडते, कुठली पानं दुमडते, सगळं टिपलंय. तिच्या अभ्यासाचा पूर्ण हिशेब माझ्याकडे तयार आहे. माझ्या अभ्यासाचा उद्यापासून.

१२ डिसेंबर, नांदेड
पेपर झाला. पेपर फुटतो हे ऐकून होतो, फिकट होतो हे आज कळलं. निम्मे गोल अंदाजाने काळे केले. अंदाज माझा पक्का असतो.
मग फिटनेस. डॉक्टरांनी टेबलावरचं कार्ड हातात दिलं. शेवटची ओळ वाचा म्हणाले. वाचली. चेंडू, विहीर, एका दमात. डॉक्टर थक्क! तेलुगू कुठं शिकलात, असं विचारलं. तेलुगू सीमेवर, देगलूरकडे पोस्टिंग द्यायचा विचार दिसतो. विनयाने सांगितलं, येत नाही सर, पण शिकेन. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. सीट पक्की. येताना पाव किलो पेढे.

२३ डिसेंबर
यादी लागली. मनिषा.
तिलाही तेच कार्ड दिलं होतं. म्हणाली, ब्रदर, ते तेलुगूतलं होतं. तिकडच्या पेशंटसाठीचं. मी म्हणलं मला न्हाई येत वाचता, मग डॉक्टरांनी मराठी दिलं.
मराठी उमेदवाराच्या हातात तेलुगू कार्ड? चौकशी झालीच पाहिजे. अर्ज लिहायला बसलो. अक्षर नीट दिसेना. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. बारा वर्षं मी या सीटची वाट बघत होतो.

४ जानेवारी १९९९
मनिषा उद्या जाणार. कोर्सला केसची वही लागते म्हणाली, ब्रदर, पहिली केस तुमचीच घेऊ का? शंका आली. पण बसलो.
तिने नवं कार्ड समोर धरलं. एक ओळ वाचता आली नाही. मग भिंगं बदलत गेली. दीडचा नंबर. भिंगं डोळ्यांवर ठेवून ती हात धुवायला गेली, तेवढ्यात मी तिची वही वाचून घेतली. अक्षर अगदी स्वच्छ होतं :
'रुग्ण क्र. १. पुरुष, वय ४४. व्यवसाय : लोकांचे डोळे तपासणे. तक्रार : काहीच नाही, असे रुग्ण सांगतो.'